घरची शाळा व वर्षांची आंखणी

मुलाला शाळेंत न घालतां घरींच शिकवावें, असा विचार ज्यांच्या मनांत येतो त्या आईबापांपुढें दोन प्रश्न उभे राहतात. कोणत्या पद्धतीनें शिकवावें, हा पहिला; पुढचीं दहा-बारा वर्षें कशीं आंखावीं, हा दुसरा. या विषयावर इंग्रजी भाषेंत विपुल वाङ्मय झालें आहे. त्यांत पहिल्या प्रश्नाची चर्चा एखादें कपाट भरेल इतकी सांपडते. दुसऱ्या प्रश्नाकडे बहुतेक ग्रंथकार वळतात ते शेवटच्या प्रकरणांत, एखादें कोष्टक जोडण्यापुरते. आमच्या मतें ग्रंथाची खरी परीक्षा या दुसऱ्या प्रश्नावरच व्हावयास पाहिजे. शिक्षणाची पद्धति म्हणजे मुलाच्या वेळाविषयींचें एक मत असतें. कोणत्या वयांत काय शिकवावयाचें, दिवसांतून किती वेळ, कोणाच्या देखरेखीखालीं, आणि हें सर्व कोठवर चालवावयाचें, याचा निर्णय त्या मतांत गृहीत असतो. यांतील ‘कोठवर’ हा शब्द ज्या ग्रंथांत सांपडत नाहीं, तो ग्रंथ कितीही गोड लिहिलेला असला तरी अपुरा होय.

२०२० सालीं महामारीमुळें शाळा बंद पडल्या, तेव्हां ज्या घरांना हा विचार कधीं शिवलाही नव्हता त्या घरांनाही घरीं शिकण्याची चुणूक मिळाली. परंतु त्या अनुभवावरून घरच्या शिक्षणाविषयीं मत बनविणें न्यायाचें नाहीं. त्या दिवसांत घरांत आली ती शाळाच. तिचा तास, तिचें पुस्तक, तिची परीक्षा, सर्व कांहीं तिचेंच होतें. येथें आम्ही बोलतों आहों तें निराळ्या गोष्टीविषयीं. आईबाप स्वतः होऊन मुलाच्या शिक्षणाची जबाबदारी पत्करतात, तेव्हां तास, पुस्तक आणि परीक्षा या तिन्हींचा निर्णय त्यांच्यावर येऊन पडतो. तो निर्णय करतांना ज्या ग्रंथांकडे लोक आजही वळतात, अशा चार ग्रंथांची तपासणी आम्हीं येथें योजिली आहे. शेवटीं महाराष्ट्राच्या ओळखीचें एक उदाहरण घेऊन या ग्रंथांतून आपण काय घ्यावें तें सांगूं.

पहिला ग्रंथ जॉन स्टुअर्ट मिल्लचें आत्मचरित्र. मिल्लच्या मरणानंतर १८७३ सालीं तें प्रसिद्ध झालें. आगरकरांच्या पिढीला मिल्ल हा गुरुस्थानीं होता, त्यामुळें मराठी वाचकांस हें नांव नवें नाहीं. त्याच्या बापानें, जेम्स मिल्लनें, त्याला शाळेंत कधींच घातलें नाहीं. तिसऱ्या वर्षीं ग्रीक, आठव्या वर्षीं लॅटिन, बाराव्याच्या सुमारास तर्कशास्त्र, तेराव्या वर्षीं अर्थशास्त्र, असा हा क्रम होता. बाप त्या वेळीं हिंदुस्थानचा इतिहास लिहीत होता. त्याच मेजाच्या दुसऱ्या बाजूस मुलगा ग्रीक वाचीत बसे. ग्रीक शब्दांचे अर्थ इंग्रजींत देणारा कोश तेव्हां नव्हता, म्हणून अडलेला प्रत्येक शब्द तो बापाला विचारी आणि बाप लिहितां लिहितां थांबून सांगे. सकाळीं दोघे फिरावयास जात, तेव्हां आदल्या दिवशीं वाचलेल्याचा वृत्तांत मुलानें तोंडीं सांगावयाचा असे. संवयीचा भंग होऊं नये म्हणून सुट्टी मुळींच नव्हती. आठव्या वर्षापासून धाकट्या भावंडांना शिकविण्याचें कामही याच मुलाकडे आलें.

या शिक्षणाची टिंगल करणें सोपें आहे आणि पुष्कळांनीं ती केली आहे. आम्ही ती करणार नाहीं. मिल्ल स्वतः सांगतो कीं, त्याचें शिक्षण घोकंपट्टीचें नव्हतें; जी गोष्ट विचार करून सांपडण्यासारखी असे ती त्याला आधीं सांगितली जात नसे. ही पद्धति म्हणून उत्तमच आहे. दोष आहे तो आंखणींत. या आंखणींत बुद्धीला जागा होती, पण हातांना, भावनांना आणि समवयस्क सोबत्यांना नव्हती. हातानें करावयाच्या कामांत आपण कायमचे अडाणी राहिलों, असें मिल्लनें लिहून ठेविलें आहे. चौदाव्या वर्षीं, १८२० सालीं, तो फ्रान्सास गेला आणि वर्षभर दुसऱ्या कुटुंबांत राहिला, तेव्हांच बाहेरची मोकळी हवा त्याला लागली. पुढें १८२३ सालीं तो ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरींत चिकटला, तो बापाच्याच हाताखालीं! १८२६ सालीं, विसाव्या वर्षीं, त्याच्या मनानें टाहो फोडला. ज्या सुधारणांसाठीं आपणांस घडविलें त्या सर्व आज सिद्धीस गेल्या तर आपण सुखी होऊं काय, असें त्यानें स्वतःस विचारलें. उत्तर आलें, नाहीं. पुढें वर्ड्स्वर्थच्या कवितेनें त्याला सांवरलें. हें सारें वाचतांना आम्हांस वाटतें, जेम्स मिल्लनें मुलाचें प्रत्येक वर्ष आंखलें, पण वर्षांची वही मुलाच्या हातीं कधीं द्यावयाची तें आंखलें नाहीं. मुलानें ती बापाच्या नकळत, दुःख भोगून, स्वतः घेतली.

या आत्मचरित्रांत आणखी एक उणीव आहे व ती शिक्षणविषयक ग्रंथांच्या पुष्कळ वाचकांच्या नजरेंतून निसटते. त्यांत आई नाहीं. जेम्स मिल्लला नऊ मुलें झालीं. त्या घरांत स्वयंपाक, आजारपणें, बाळंतपणें हीं सर्व होतीं. तरी छापील ग्रंथांत मातेचा उल्लेख जवळजवळ नाहींच. मेजाच्या एका बाजूला इतिहास आणि दुसऱ्या बाजूला ग्रीक चालूं शकलें, याचें कारण तिसऱ्या बाजूला कोणीतरी घर चालवीत होतें. घरच्या शिक्षणाचा कोणताही ग्रंथ हातीं घेतांना, यांत श्रम कोणाचे धरले आहेत, हा प्रश्न पहिल्यानें विचारावा. हा धडा आम्हांस मिल्लच्या मौनांतून मिळतो.

दुसरा ग्रंथ शार्लट मेसन या बाईंचा. ब्रॅडफर्ड येथें त्यांनीं स्त्रियांपुढें कांहीं व्याख्यानें दिलीं. त्यांतून १८८६ सालीं ‘होम एज्युकेशन’ हें पुस्तक निघालें. घरीं शिकविणाऱ्या आयांमध्यें या पुस्तकाचें प्रेम आजही कमी झालेलें नाहीं, आणि त्यास कारणही आहे. मिल्लच्या पुस्तकांतील कोंदट खोलींतून आपण येथें उघड्या माळावर येतों. सहाव्या वर्षापर्यंत औपचारिक धडे नकोत. मुलाला दिवसांतून कित्येक तास बाहेर राहूं द्या. लहान मुलाचा धडा वीस मिनिटांहून लांबवूं नका. चांगल्या लेखकाचें जिवंत पुस्तक एकदांच वाचा आणि मुलाकडून तें त्याच्या शब्दांत सांगवून घ्या. फुलें-पाखरें पाहून त्यांची वही ठेवा. एवढ्या साध्या सूचना, पण प्रत्येकीमागें मुलाविषयींचा आदर आहे. मूल हें जन्मतःच संपूर्ण माणूस आहे, हें बाईंचें मूलतत्त्व. पुढचें सर्व त्यांतून निघतें.

आंखणीच्या बाबतींत मेसनबाईंची दृष्टि आमच्या मतें या चौघांत सर्वांत व्यवहारी होती. एकटें घर थकतें हें त्यांनीं ओळखलें. १८९० पासून आईबापांसाठीं मासिक निघूं लागलें, १८९१ पासून टपालद्वारां चालणारी शाळा सुरू झाली, आणि ॲम्बलसाइड येथें शिक्षिकांचें विद्यालय उभें राहिलें. प्रत्येक सत्राचा अभ्यासक्रम आणि शेवटीं परीक्षेचे प्रश्न घरोघर टपालानें जात. वर्षाचे तीन तुकडे, प्रत्येक तुकड्याचा हिशेब, आणि तो हिशेब पाहणारा घराबाहेरचा एक डोळा: ही योजना पुस्तकांतील सुंदर वाक्यांपेक्षां अधिक मोलाची होती. तरीही दोन गोष्टी विसरतां कामा नयेत. मेसनबाई अविवाहित होत्या; स्वतःचें मूल त्यांनीं वाढविलें नव्हतें. आणि ज्या घरांना त्या लिहीत होत्या त्यांतील पुष्कळांत दाई होती, स्वयंपाकीण होती, मुलांसाठीं वेगळी शिक्षिका ठेवण्याची ऐपत होती. दिवसाचे चार-पांच तास मुलाबरोबर रानांत काढावे, ही सूचना दुपारचें जेवण दुसरें कोणी रांधीत असेल तरच पाळतां येते.

तिसरे ग्रंथकार जॉन होल्ट. अमेरिकेंत शाळामास्तर असतांना केलेल्या टिपणांवरून त्यांनीं १९६४ सालीं ‘हाउ चिल्ड्रेन फेल’ हें पुस्तक लिहिलें. मुलें नापास होतात तीं बुद्धि नसल्यामुळें नव्हे. भीतीमुळें, आणि मास्तरला हवें तें उत्तर हेरण्याच्या संवयीमुळें, हें त्यांचें निरीक्षण इतकें अचूक आहे कीं, शाळेंत गेलेल्या कोणाही वाचकाला त्यांत आपला बाक दिसेल. पुढें शाळा सुधारेल ही त्यांची आशा मावळली. १९७७ सालीं त्यांनीं घरच्या शिक्षणासाठीं एक नियतकालिक काढलें, आणि १९८१ सालीं ‘टीच युअर ओन’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें. मुलाला शिकवावें लागत नाहीं, तें शिकतच असतें. मोठ्यांनीं जवळ असावें, विचारल्यास सांगावें, न विचारल्यास गप्प राहावें, हा त्यांचा सिद्धांत. होल्ट यांनीं स्वतः चाळिशीच्या सुमारास चेलो हें वाद्य शिकावयास घेतलें आणि त्यावर पुस्तकही लिहिलें. तेव्हां वय उलटलें म्हणून विद्या हुकली, ही भीति त्यांना खोटी वाटत होती, हें उघड आहे.

होल्ट यांच्या पुस्तकांत आंखणी नाहीं, आणि ती नसणें हाच त्यांचा विचार आहे. वर्षाच्या आरंभीं योजना लिहावयाची त्याऐवजीं वर्षाच्या शेवटीं मागें वळून मूल कोठून कोठें गेलें हें पाहावें, असा त्यांच्या म्हणण्याचा रोंख दिसतो. भीतीनें गारठलेल्या मुलाला हें औषध अमृतासारखें आहे. शाळेंतून काढलेलें मूल पहिले कांहीं महिने पुस्तकाकडे फिरकत नसेल, तर त्या आईनें होल्ट वाचावे. त्यांच्याइतका धीर दुसरा कोणी देणार नाहीं. परंतु कांहीं विद्या अशा आहेत कीं, त्यांचें दार उघडण्यापूर्वीं बराच काळ कंटाळा सोसावा लागतो. गणित, गायन, दुसरी भाषा यांचें माधुर्य पहिल्या पायरीवर कळत नाहीं. जी गोष्ट मुलानें कधीं पाहिलीच नाहीं ती तें मागणार कसें? शिवाय होल्टही निःसंतान होते. याचा अर्थ त्यांचें निरीक्षण खोटें असा आम्ही करीत नाहीं. मूल पाहण्याची त्यांची नजर पुष्कळ बापांना लाभत नाहीं. पण सोळाव्या वर्षीं मुलानें “मला हें वेळेवर कां शिकविलें नाहीं?” असें विचारल्यावर उत्तर देण्याचा प्रसंग त्यांच्यावर येणार नव्हता. तो ज्यांच्यावर येणार आहे त्यांनीं सावधपणें वाचावें.

चौथा ग्रंथ अगदीं दुसऱ्या टोंकाचा आहे. जेसी वाइज ही आई आणि सुझन वाइज बाउअर ही तिनेंच घरीं शिकविलेली मुलगी, या दोघींनीं मिळून १९९९ सालीं ‘द वेल-ट्रेन्ड माइंड’ हा जाडजूड ग्रंथ लिहिला. १९४७ सालीं डोरोथी सेअर्स या लेखिकेनें ऑक्सफर्ड येथें वाचलेल्या निबंधांत मध्ययुगीन युरोपांतील व्याकरण, तर्क व वक्तृत्व या त्रयीचें पुनरुज्जीवन सुचविलें होतें. त्या बीजाचा हा वृक्ष. बारा वर्षांचे चार-चार वर्षांचे तीन टप्पे पाडले आहेत: पहिल्यांत पाठ करणें व सांठविणें, दुसऱ्यांत कारण शोधणें, तिसऱ्यांत मांडणें. इतिहासाचेही प्राचीन काळापासून आजपर्यंत चार भाग करून, दर वर्षीं एक याप्रमाणें, बारा वर्षांत तीन प्रदक्षिणा घालावयाच्या. तीच गोष्ट मूल सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या वर्षीं भेटतें; आणि दर वेळीं तें निराळें झालेलें असतें, म्हणून गोष्टही निराळी होते. ही कल्पना आम्हांस फार सुंदर वाटते. आपल्याकडे पोथी दर वर्षीं पुन्हां लावतात, त्यामागील शहाणपण याच जातीचें आहे.

‘कोठवर’ या प्रश्नाचें उत्तर या ग्रंथांत स्पष्ट आहे. तिसऱ्या टप्प्यांत विद्यार्थ्यानें स्वतःचा विषय निवडून मोठा प्रबंध लिहावा, अशी योजना आहे. येवढ्यापुरता हा ग्रंथ बाकीच्या तिन्हींच्या पुढें जातो. दोष आहे तो भरगच्चपणाचा. प्रत्येक विषयाला तास, प्रत्येक वर्षाला याद्या, प्रत्येक यादीला पुस्तकें. हें वाचून उत्साही आईचा उत्साह पहिल्या पावसाळ्यांतच ओसरावयाचा. लेखिका स्वतः सर्व कांहीं करूं नका असें सांगतात, परंतु याद्यांचा आवाज सूचनेच्या आवाजापेक्षां मोठा आहे. आणि थोर ग्रंथांची जी माळ त्यांनीं ओंवली आहे ती मुख्यतः ग्रीस, रोम आणि इंग्लंड-अमेरिकेची. ती आपल्या मुलाच्या गळ्यांत जशीच्या तशी घातली, तर त्याला अकिलीस कळेल आणि सातवाहन कळणार नाहींत.

आतां महाराष्ट्राच्या ओळखीचें उदाहरण. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ सालीं सह्याद्रींतील गंगामूळच्या रानांत झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकमताविरुद्ध जाऊन आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविलें. आणि लक्ष्मीबाईंनीं तें आपल्या मुलीस शिकविलें. कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराण सांगत गांवोगांव फिरत असे. शाळा नव्हती, घरही म्हणण्यासारखें नव्हतें. १९०७ सालीं लिहिलेल्या आपल्या आत्मकथनांत बाई सांगतात कीं, सुमारें आठव्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत आईनें त्यांना शिकविलें, आणि त्या वर्षांत मनाला असें वळण लाविलें कीं पुढें दुसऱ्याच्या फारशा मदतीवांचून आपलें शिक्षण आपणच चालवितां यावें. घरच्या शिक्षणाचें ध्येय याहून थोडक्यांत कोणी सांगितल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. येथें ‘कोठवर’ आहे. आणि ज्या आईचें नांव मिल्लच्या ग्रंथांत नाहीं, ती येथें गुरूच्या आसनावर आहे.

परंतु याच आत्मकथनांत दुसरी बाजूही तितक्याच सरळपणें लिहिली आहे. मुलांचा बाहेरच्या जगाशीं संबंध येऊं नये, अशी वडिलांची इच्छा होती. धर्मग्रंथांपलीकडचें कांहीं मुलांस ठाऊक नव्हतें, आणि पोटासाठीं पुराण सांगण्यावांचून दुसरा धंदा येत नव्हता. पांडित्याचा व जातीचा अभिमान मजुरी करूं देईना. दुष्काळ आला तेव्हां आईबाप आणि थोरली बहीण उपासमारीनें गेलीं. उरलेलीं भावंडें पायीं हिंडत हिंडत १८७८ सालीं कलकत्त्यास पोहोंचलीं. तेथें पंडितांच्या सभेनें रमाबाईंस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. एकाच आंखणीनें दोन फळें दिलीं: स्वतः शिकण्याची अद्भुत शक्ति, आणि भाकरी मिळविण्याची पूर्ण असमर्थता. पहिल्या फळाच्या बळावर बाई पुढें इंग्रजी शिकल्या, १८८९ सालीं मुंबईस शारदासदन काढूं शकल्या, आणि उतारवयांत हिब्रू व ग्रीक शिकून बायबलाचें मराठी भाषांतर त्यांनीं केलें. दुसऱ्या फळाची किंमत तीन माणसांनीं प्राणांनीं दिली. घरची शाळा ही बाहेरच्या जगाकडे पाठ फिरविण्याचें साधन झाली तर काय होतें, याचें याहून कठोर उदाहरण नको.

यावर एक आक्षेप येईल व तो योग्य आहे. ज्या घरांत अक्षरओळख नाहीं, ज्यांत आईबाप दिवसभर रोजगारावर आहेत, तेथें या सर्व चर्चेचा उपयोग काय? उपयोग फार थोडा आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं नेमका उलट मार्ग धरला. ताराबाईंनीं १९४५ सालीं बोर्डी येथें काम आरंभिलें, आणि पुढें कोसबाडच्या आदिवासी मुलांसाठीं दोघींनीं शाळाच अंगणांत आणि गुरांच्या कुरणांत नेली. घर शाळा होऊं शकत नाहीं तेथें शाळेनें घराशीं यावें, असा तो विचार. घरीं शिकविणाऱ्यानें हें ध्यानांत ठेवावें कीं, त्याची निवड ही सवड असलेल्याची निवड आहे. तीबद्दल लाज नको, पण सर्व शाळांना नांवें ठेवण्याचा अधिकारही तींतून मिळत नाहीं.

मग या चार ग्रंथांतून मराठी घरानें काय घ्यावें? पहिली गोष्ट, पद्धतीचें नांव नंतर ठरवावें. आधीं घराची मोजदाद करावी. दिवसांतून कोणाचे किती तास खरोखर मोकळे आहेत, घरांत कोणाला काय येतें, आजी-आजोबा आहेत काय, वाचनालय किती दूर आहे, खेळावयास सोबती कोण, हें कागदावर लिहावें. एकट्या आईच्या माथीं सर्व येणार असेल तर बारा वर्षांच्या याद्यांचा ग्रंथ मिटवून ठेवावा, आणि मेसनबाईंचे आंखूड धडे पत्करावे. घाबरलेलें मूल असेल तर वर्षभर होल्ट. चौकस, वाचणारें मूल आणि सवड असलेले दोघे आईबाप असतील, तर तीन प्रदक्षिणांची योजना खुशाल घ्यावी. पद्धति मुलाच्या वयाबरोबर बदलली म्हणून कोणतेंही व्रत मोडत नाहीं.

दुसरी गोष्ट, परक्या पंचांगावर आपलें वर्ष आंखूं नये. इंग्रजी ग्रंथांत वाचन व वर्णरचना यांसाठीं पहिलीं तीन-चार वर्षें खर्चीं घातलेलीं असतात, कारण त्या भाषेंत उच्चार आणि लेखन यांचें वैर आहे. मराठी मुलाला मुळाक्षरें, बाराखडी आणि जोडाक्षरें एकदां आलीं कीं, समोरचा जवळजवळ प्रत्येक शब्द वाचतां येतो. र्‍हस्वदीर्घाची कटकट राहते, पण ती लिहितांना. हा वांचलेला काळ गोष्टी ऐकण्यांत, सांगण्यांत आणि पाठांतरांत घालवावा. त्याचप्रमाणें मेसनबाईंच्या निसर्गवहींत वसंत एप्रिलांत फुलतो. आपल्या वहीची सुरुवात मृगाच्या पहिल्या पावसानें व्हावी. इतिहासाच्या प्रदक्षिणेंत मिसर देशाबरोबर मोहेंजोदडो, रोमबरोबर नाणेघाट आणि कार्ले आलेंच पाहिजे. हीं दोन ठिकाणें तर मुलाला पायानें चालून वाचतां येतील.

तिसरी गोष्ट, कायदा व परीक्षा यांचीं वर्षें आधींच खुणावून ठेवावीं. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलास शेजारच्या शाळेंत दाखल करणें हें आईबापांचें कर्तव्य असें तो म्हणतो; मात्र तें न केल्यास त्यांस दंड सांगत नाहीं, आणि घरच्या शिक्षणाचें नांवही काढीत नाहीं. या मौनाचा अर्थ प्रत्येक घरानें डोळे उघडे ठेवून लावावा. १९८९ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या माध्यमिक परीक्षेस चौदा वर्षें पुरीं झालेल्यास बसतां येतें. परीक्षा वर्षांतून दोनदां होते, आणि एकदां नांव नोंदविल्यावर पांच वर्षांत नऊ संधि मिळतात. म्हणजे दहावीचें भूत सहाव्या वर्षापासून घरांत नाचविण्याचें कारण नाहीं. पण बाराव्या वर्षीं त्याची ओळख करून द्यावी लागेल. रमाबाईंच्या घराची चूक टाळावयाची तर पुस्तकाबाहेरचें एक हातचें काम, आणि घराबाहेरच्या माणसांशीं नित्याचा व्यवहार, हींही याच आंखणींत पाहिजेत.

आणि शेवटची गोष्ट, जी आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची. आंखणी जवळची रेखीव व दूरची पुसट असावी. पुढचे तीन महिने आठवड्याआठवड्यानें लिहावे, पुढचें वर्ष विषयाविषयानें, त्यापुढचीं वर्षें नुसत्या दिशेनें. आणि त्या वहींत प्रत्येक वर्षीं कांहीं ओळी मुलाच्या हातच्या असाव्या. आठव्या वर्षीं दिवसांतील एक तास त्यानें ठरवावा; दहाव्या वर्षीं एक विषय; बाराव्या वर्षीं आठवड्याचें वेळापत्रक त्यानें करावें आणि आईबापांनीं तें नुसतें पाहावें; चौदाव्या वर्षीं कोणती परीक्षा, केव्हां, कोणत्या विषयांत, हें त्यानें मांडावें व मोठ्यांनीं प्रश्न विचारावे. वही अशी हळूहळू हात बदलत गेली तर ती विसाव्या वर्षीं झगडून घ्यावी लागणार नाहीं.

या दृष्टीनें पाहतां चारही ग्रंथ घरांत ठेवण्यासारखे आहेत, आणि एकही ग्रंथ आज्ञा म्हणून पाळण्यासारखा नाहीं. मिल्ल वाचावा तो बुद्धीच्या सामर्थ्याची साक्ष म्हणून आणि इशारा म्हणून. मेसनबाई रोजच्या दिवसासाठीं. होल्ट वाईट दिवसांसाठीं. वाइज मायलेकी लांबच्या वाटेसाठीं. ग्रंथाची दुसरी आवृत्ति निघते, तींत चुका दुरुस्त होतात. मुलाच्या सातव्या वर्षाची दुसरी आवृत्ति निघत नाहीं. म्हणून ग्रंथ निवडण्यांत एखादा महिना गेला तरी चालेल; पण तो महिना मुलाकडे पाहण्यांतही गेला पाहिजे.